ढेप दौंडची, पेठ ऑनलाइन; परतीचा भुर्दंड विक्रेत्यालाच

शिरूर/दौंड - गुऱ्हाळातील काहिलीतून उतरलेला गूळ साच्यात घट्ट होईपर्यंत गुळव्याची जबाबदारी असते. त्यानंतर ती विक्रेत्याची. पूर्वी ही जबाबदारी बाजारपेठेच्या दारापर्यंत होती. आता ती बंगळूरच्या किंवा दिल्लीच्या एखाद्या सदनिकेच्या दारापर्यंत जाते आणि ग्राहकाने दार उघडले नाही, तर तेथून परतही येते. ऑनलाइन बाजारपेठेने ग्रामीण उत्पादकाला देशभरचे गिऱ्हाईक दिले, हे खरे. मात्र त्या गिऱ्हाइकापर्यंतच्या आणि तेथून मागे येणाऱ्या वाटेचा बहुतेक खर्च बाजारातील सर्वांत लहान माणसाच्या खात्यावर पडतो, हेही तितकेच खरे आहे.

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या शेजारी तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. दौंडमधील राहू, केडगाव, यवतचा परिसर आणि शिरूरच्या पूर्वेकडील मांडवगण फराटा, न्हावरे हा पट्टा उसाचा. तेथे साखर कारखान्यांबरोबर गुऱ्हाळेही आहेत. शिरूरच्या पश्चिमेकडे पाबळ, केंदूर या बाजूला पाणी कमी. तेथील अनेक घरांत शेतीला जोड म्हणून पापड, कुरडया, शेवया, मसाले करण्याचा उद्योग चालतो. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन, तर शिरूरला रेल्वे नाही. पण ते पुणे-अहिल्यानगर महामार्गावर वसलेले. पुण्याची पेठ दोघांनाही जवळची. असे असूनही ऑनलाइन विक्रीचे पाऊल येथे अडखळते. ते नेमके कोठे अडखळते, याचा हा आढावा.

पट्टी आणि खातेउतारा

बाजार समितीतील विक्रीत उत्पादकाच्या हाती शेवटी एक कागद पडतो, त्याला पट्टी म्हणतात. वजन, भाव, हमाली, तोलाई आणि हाती पडणारी रक्कम या साऱ्या गोष्टी त्या एका कागदावर असतात. पट्टीविषयी तक्रारी पूर्वीही होत्या, आजही आहेत. परंतु माल समोर ठेवलेला असतो, खरेदीदार तो डोळ्यांनी पाहतो, खडा तोडून चव घेतो आणि नापसंत असेल तर तेथेच सांगतो. सौदा झाला की तो मोडण्याची भीती राहत नाही.

ऑनलाइन बाजारपेठेतही उतारा मिळतो. त्यात विक्रीवरील कमिशन, प्रत्येक मागणीमागचे ठरावीक शुल्क, वाहतूक, पैसे वळते करण्याचे शुल्क, जाहिरातीचा खर्च, या सर्व सेवांवरील १८ टक्के जीएसटी, उगमस्थानी कापलेला कर आणि परत आलेल्या मालाची वजावट अशी अनेक शीर्षके असतात. एकाच मागणीचे आकडे अनेकदा वेगवेगळ्या तारखांच्या उताऱ्यांत विखुरलेले असतात. विकलेल्या पाकिटावर नेमके किती सुटले, हे कळण्यासाठी महिनाभराच्या नोंदी जुळवाव्या लागतात. हिशेबनीस ठेवणाऱ्या कंपनीला हे अवघड नाही. चुलवाणापुढे उभ्या असलेल्या उत्पादकाला मात्र ते दुसरे पूर्ण वेळेचे काम होऊन बसते.

व्हीपीपीपासून दारातील रोखीपर्यंत

दुरून मागणी नोंदवायची आणि वस्तू हाती आल्यावर पैसे द्यायचे, ही कल्पना नवी नाही. भारतीय टपाल खात्याने व्ही. पी. पी. म्हणजे मूल्यदेय टपालाची सोय १८७७ मध्ये सुरू केली. पुस्तके, औषधे, घड्याळे अशा कितीतरी वस्तू या मार्गाने गावोगावी पोहोचल्या. ‘व्हीपी परत आली’ हे दुखणेही तेव्हापासूनचेच. त्यावरचा तोडगा म्हणून अनेक प्रकाशक काही रक्कम आगाऊ मागवीत.

इंटरनेटवरील बाजारपेठ भारतात २००० च्या सुमारास ‘बाझी’सारख्या संकेतस्थळांनी रुजवली, २००४ मध्ये ती कंपनी ‘ईबे’ने घेतली. २००७ मध्ये ‘फ्लिपकार्ट’ सुरू झाले आणि २०१० मध्ये त्याने दारात रोख पैसे घेण्याची सोय आणली. ‘अ‍ॅमेझॉन’ने भारतातील बाजारपेठ जून २०१३ मध्ये उघडली. दारातील रोखीमुळे अनोळखी विक्रेत्याकडून खरेदी करण्याची ग्राहकाची भीती गेली. परंतु आगाऊ रकमेचा जुना आधारही त्याबरोबर गेला. मागणी नोंदवताना ग्राहकाचा एक रुपयाही अडकलेला नसेल, तर मन बदलणे त्याला फुकट पडते. ते विक्रेत्याला फुकट पडत नाही.

नोंदणीचे उंबरठे

वस्तूंची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असलेल्या महाराष्ट्रातील व्यापाऱ्याला सर्वसाधारणपणे जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. ऑनलाइन बाजारपेठेतून विकणाऱ्याला मात्र ही सवलत दीर्घकाळ नव्हती. पहिले पाकीट विकण्यापूर्वीच नोंदणी करावी लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून हा नियम शिथिल झाला. मर्यादेच्या आतील लहान विक्रेता आता जीएसटी क्रमांकाशिवाय, पॅनच्या आधारे एक नावनोंदणी क्रमांक घेऊन ऑनलाइन बाजारपेठेत उतरू शकतो. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यालाही त्याच तारखेपासून ही वाट मोकळी झाली.

मात्र या दोन्ही सवलतींना एक कुंपण आहे. माल राज्याबाहेर विकता येत नाही. दौंडचा गूळ नागपूरला चालेल, सीमेपलीकडे बेळगावला नाही. तेथे पाठवायचा तर पहिल्या रुपयापासून नियमित नोंदणी आणि ठरावीक मुदतीची विवरणपत्रे आली. ‘देशभरची पेठ’ या आश्वासनाचा अर्थ लहान विक्रेत्यापुरता असा राज्याच्या सीमेशी थांबतो.

गुळावरील कराचेही असेच. सुटा गूळ करमुक्त आहे. परंतु १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, वेष्टनात बांधलेल्या आणि छापील माहिती असलेल्या गुळावर ५ टक्के जीएसटी लागू झाला. ऑनलाइन विक्री वेष्टनाशिवाय होत नाही. त्यामुळे यार्डात करमुक्त असलेली तीच ढेप, लहान खडे करून पाकिटात भरली की नोंदणीकृत विक्रेत्यासाठी करपात्र होते.

याखेरीज खाद्यपदार्थासाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी किंवा परवाना लागतो. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, तयार केल्याचा महिना व वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. १ जानेवारी २०१८ पासून यांतील बहुतेक माहिती ऑनलाइन विक्रीच्या पानावरही दाखवणे बंधनकारक आहे. ग्राहकाच्या दृष्टीने हे सारे नियम योग्यच आहेत. मात्र त्यांची पूर्तता वेगवेगळ्या कार्यालयांत, वेगवेगळ्या संकेतस्थळांवर होते. कागद एका ठिकाणी अडला, तर विक्रीचे पान बंद राहते.

नाव, चित्र आणि रंग

गुळाच्या बाबतीत ग्राहकाचा पहिला गैरसमज रंगाचा असतो. पिवळाधमक गूळ म्हणजे चांगला, अशी शहरी नजर अनेक वर्षांत तयार झाली. प्रत्यक्षात रसायनांचा वापर न करता, भेंडीच्या चिकाने मळी काढून केलेला गूळ बहुधा तांबूस किंवा गडद तपकिरी होतो. उसाचा वाण, जमीन आणि प्रत्येक आदण यांप्रमाणे त्याचा रंग बदलतो. छायाचित्र एका आदणाचे आणि पाकीट दुसऱ्या आदणाचे, असे झाले की ‘चित्राप्रमाणे नाही’ हा शेरा मारला जातो. पावसाळ्यात गुळाला पाणी सुटते. ओलसर झालेले पाकीट पाहून ‘खराब माल’ अशी तक्रार येते. साखर मिसळलेल्या गुळाच्या तक्रारींमुळेही ग्राहकाचा संशय वाढलेला आहे. भेसळ करणाऱ्याची शिक्षा प्रामाणिक गुऱ्हाळाला अशी घरबसल्या मिळते.

नावाचाही प्रश्न आहे. ‘कोल्हापुरी गूळ’ या नावाला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. त्या भागाबाहेरील उत्पादकाला ते नाव वापरता येत नाही. ग्राहक शोधताना मात्र बहुधा तेच शब्द टाइप करतो. दौंडच्या गुळाला स्वतःचे नाव घडवायचे तर व्यापारचिन्हाची नोंदणी हवी. त्यासाठी एका वर्गातील ऑनलाइन अर्जाला व्यक्ती व लघुउद्योगांसाठी ४,५०० रुपये शुल्क आहे. ही नोंदणी नसेल तर आणखी एक धोका संभवतो. चांगले अभिप्राय मिळवलेल्या पानावर दुसराच विक्रेता आपला स्वस्त माल जोडतो. मागणी त्याच्याकडे जाते आणि निकृष्ट मालाचा वाईट अभिप्राय मूळ विक्रेत्याच्या पानावर पडतो.

वजन काट्यावरचे आणि आकाराचे

सर्वाधिक वाद होतात ते वजनावरून. वाहतुकीचे दर प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचे वजन यांपैकी जे जास्त असेल त्यावर ठरतात. आकारमानाचे वजन काढण्याची प्रचलित रीत सोपी आहे. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि ५,००० ने भागायची. येणारे उत्तर म्हणजे किलो.

गूळ जड असल्याने त्याला याचा फटका तुलनेने कमी. २ किलो गुळासाठी ३० बाय २० बाय २० सेंटिमीटरचे खोके घेतले तर आकारमानाचे वजन २.४ किलो होते. कुरडईचे मात्र विपरीत घडते. अर्धा किलो कुरडया न मोडता पोहोचवायच्या तर ३० बाय ३० बाय २० सेंटिमीटरचे खोके लागते. त्याचे आकारमानाचे वजन भरते ३.६ किलो. म्हणजे पाठवायचे अर्धा किलो आणि भाडे भरायचे सातपटीहून अधिक वजनाचे. खोके लहान घेतले तर कुरडईचा चुरा होतो आणि माल परत येतो.

गोदामातील यंत्राने घेतलेले माप विक्रेत्याने नोंदवलेल्या मापाहून वेगळे निघाले, तर फरकाची रक्कम आधी कापली जाते आणि हरकत नंतर ऐकली जाते. हरकतीला मुदत असते. त्या मुदतीत खोक्याच्या मापाचे छायाचित्र सादर करता आले नाही, तर पैसे गेले.

एका पार्सलचा हिशेब

हा भार किती, हे समजण्यासाठी एक उदाहरण पाहता येईल. यातील दर केवळ हिशेबासाठी गृहीत धरलेले आहेत; प्रत्येक बाजारपेठेचे आणि हंगामाचे दर निराळे असतात. २ किलो गुळाचे पाकीट नोंदणीकृत विक्रेत्याने ३०० रुपयांना विकले असे समजू. कमिशन १० टक्के, म्हणजे ३० रुपये. वाहतूक ८० रुपये. या दोहोंवरील जीएसटी सुमारे २० रुपये. त्याचे क्रेडिट गुळावरील करापोटी वापरता येत असल्याने तो कर वेगळा धरलेला नाही. गुळाची किंमत ११० रुपये आणि खोके, चिकटपट्टी, मजुरी मिळून २० रुपये. विक्रेत्याच्या हाती उरतात ४० रुपये.

आता हेच पाकीट ग्राहकाने दारातून परत पाठवले. जाण्याची आणि येण्याची, अशी दोन्ही वेळची वाहतूक आकारली गेली तर १६० रुपये आणि वाया गेलेल्या खोक्याचे २० रुपये मिळून १८० रुपयांचा फटका बसतो. प्रवासात गूळ पाझरून विकण्याजोगा राहिला नाही, तर आणखी ११० रुपये. एकूण २९० रुपये. ते भरून काढण्यासाठी सातहून अधिक पाकिटे सुरळीत विकली जावी लागतात. आठव्या पाकिटापासून कोठे नफा दिसू लागतो.

कापलेल्या करांची गोष्ट निराळी. नोंदणीकृत विक्रेत्याच्या विक्रीतून बाजारपेठ जीएसटीपोटी काही रक्कम कापते. १ ऑक्टोबर २०१८ पासून हा दर १ टक्का होता, १० जुलै २०२४ पासून तो अर्धा टक्का झाला. प्राप्तिकराची कपातही १ ऑक्टोबर २०२४ पासून १ टक्क्यावरून ०.१ टक्क्यावर आली आणि पॅन किंवा आधार दिलेल्या व्यक्तीला वार्षिक ५ लाखांपर्यंतच्या विक्रीवर त्यातून सूट आहे. या रकमा बुडत नाहीत, विवरणपत्रातून परत मिळवता येतात. परंतु ज्याचे भांडवलच काही हजारांचे आहे, त्याला अडकलेला पैसाही जाणवतो.

कायद्याचे कवच कोणाला?

ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम २३ जुलै २०२० रोजी लागू झाले. ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, असे बंधन त्यात आहे. माल सदोष असेल, जाहिरातीप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. उशिराला नैसर्गिक आपत्तीसारखे आकस्मिक कारण असेल, तरच सूट आहे.

येथेच खरा पेच आहे. माल पोहोचवण्याचे काम अनेकदा बाजारपेठ चालवणारी कंपनीच करते. उशीर तिच्या गाडीला झाला, तरी नियमाचे बोट आधी विक्रेत्याकडे वळते. कंपनी स्वतः माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार मध्यस्थ म्हणून उभी असते. ग्राहकाच्या तक्रारीसाठी अधिकारी नेमण्याचे बंधन विक्रेत्यावरही आहे, मग तो विक्रेता म्हणजे एकच माणूस आणि एकच मोबाइल असला तरी.

विक्रेता आणि बाजारपेठ यांच्यातील वादाला मात्र असे स्वतंत्र, मुदतबंद नियम नाहीत. तो वाद करारातील अटींनुसार सुटतो. करार कंपनीने आधीच लिहिलेला असतो; विक्रेत्याच्या वाट्याला ‘मान्य आहे’ एवढीच खूण करणे येते. त्यात बहुधा लवादाची अट असते आणि लवादाचे ठिकाण कंपनीच्या सोयीचे महानगर असते. काही शे रुपयांच्या कपातीसाठी शिरूरहून तेथे कोण जाणार?

मोठ्या पातळीवर या व्यवस्थेची दखल घेतली गेली आहे. परकीय गुंतवणूक असलेल्या बाजारपेठांनी स्वतःचा माल विकू नये, यासाठीचे कडक निर्बंध १ फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आले. काही निवडक विक्रेत्यांना झुकते माप दिल्याच्या आरोपांवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२० मध्ये ‘अ‍ॅमेझॉन’ आणि ‘फ्लिपकार्ट’ यांच्या चौकशीचा आदेश दिला. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या चौकशीत हस्तक्षेप करण्यास नकार दिला. बाजारपेठांवरील मक्तेदारी कमी व्हावी या हेतूने ‘ओएनडीसी’ हे खुले जाळे २०२२ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाले. मात्र जाळे कोणतेही असो, परतीच्या पार्सलचे भाडे कोणी तरी भरावेच लागते.

समितीचा ऑनलाइन बाजार

शेतमालासाठी केंद्र सरकारने १४ एप्रिल २०१६ रोजी राष्ट्रीय कृषी बाजार, म्हणजे ‘ई-नाम’ सुरू केला. त्यात माल बाजार समितीच्या फाटकातून आत येतो, त्याला ढीग क्रमांक मिळतो, प्रत तपासली जाते, मग संगणकावर बोली लागते आणि सौदा ठरल्यावर वजन होते. येथेही परगावच्या खरेदीदाराने न पाहिलेल्या मालावर विश्वास ठेवावा, हीच कसोटी असते. तपासणीची सोय आणि वेग जेथे अपुरा, तेथे व्यापारी पुन्हा ढिगापाशी जाऊन मूठभर माल हाती घेतो.

तरीही एक फरक महत्त्वाचा आहे. ‘ई-नाम’मध्ये प्रत सौद्यापूर्वी ठरते. किरकोळ ऑनलाइन बाजारपेठेत ती सौद्यानंतर, ग्राहकाच्या स्वयंपाकघरात ठरते. मालाचा मालक त्या वेळी शेकडो किलोमीटर दूर असतो.

विक्रेत्याने काय जपावे?

प्रत्येक पाकीट भरताना मोबाइलवर चित्रफीत घ्यावी. बंद खोके काट्यावर आणि मोजपट्टीसह छायाचित्रित करावे. वजनाच्या वादात आणि ‘रिकामे खोके आले’ अशा तक्रारीत हाच पुरावा चालतो. विक्रीच्या पानावर रंग बदलण्याची शक्यता मराठी, हिंदी आणि इंग्रजीत स्पष्ट लिहावी. पावसाळ्यात हवाबंद वेष्टनाशिवाय गूळ पाठवू नये. सुरुवातीला दारातील रोखीची सोय जवळच्या पिनकोडपुरती ठेवता येते का, ते पाहावे. दर महिन्याला उतारा आणि परत आलेले पार्सल यांची जुळणी करावी. हरकतीची मुदत वहीत लिहून ठेवावी.

‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य आहे. ती असल्यास केंद्राच्या लघुउद्योग मंत्रालयाने जून २०२० मध्ये सुरू केलेल्या ‘चॅम्पियन्स’ संकेतस्थळावर गाऱ्हाणे मांडता येते. प्रत्येक गाऱ्हाण्याचे लेखी उत्तर मागावे. दूरध्वनीवरील आश्वासनाला पुराव्याचे मोल नाही.

शहरातील ग्राहकाच्या हातीही बरेच आहे. सदोष माल परत करणे हा त्याचा हक्क आहे आणि तो अबाधितच राहायला हवा. परंतु नको असलेली मागणी माल निघण्यापूर्वी रद्द केली, तर कोणाचेच नुकसान होत नाही. पाच दिवसांनी दारातून परत पाठवलेल्या त्याच पाकिटामागे दौंडच्या एखाद्या गुऱ्हाळात सात पाकिटांची कमाई पुसली जाते.